मुंग्या, माश्या आणि नोंदवही

पावसाळा ओसरू लागला, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत घराच्या ओसरीवर, तुळईच्या कोपऱ्यात किंवा शाळेच्या खिडकीच्या चौकटीवर मातीचा एक लहानसा गोळा चिकटलेला आढळतो. काल तो तेथे नसतो; आज असतो. थोडा वेळ शांतपणे उभे राहिले, तर एक लांब, बारीक कमरेची माशी ओल्या चिखलाची गोळी तोंडात धरून येते, ती आधीच्या मातीवर थापते, थापताना बारीक गुणगुण करते आणि पुन्हा पाणवठ्याकडे निघून जाते. घरातील वडीलधारी माणसे तिला कुंभारीण म्हणतात. चाक नाही, काठी नाही. तरी घर असे घडते की कुंभाराने कौतुक करावे!

घर पुरे झाले की कुंभारीण शिकारीला निघते. ती कोळी पकडून आणते, एकामागून एक घरात कोंबते आणि शेवटी दार लिंपून टाकते. तिच्याच गोतातील दुसरी एक माशी मुडपलेल्या काठाच्या चिमुकल्या सुरईसारखे घर बांधते व त्यात कोळ्यांऐवजी अळ्या भरते. काही आठवड्यांनी बंद घराला गोल भोक पडते आणि आतून नवी कुंभारीण बाहेर येते. कोळी किंवा अळी मात्र कोठेच दिसत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे दृश्य पाहिले होते. आत गेली ती अळी आणि बाहेर आला तो भृंग; तेव्हा भृंगाचा सतत ध्यास घेऊन अळीच भृंग झाली असली पाहिजे, असे त्यांनी मानले. यालाच संस्कृतात 'कीटभृंगन्याय' म्हणतात. शिष्य गुरूच्या चिंतनाने गुरुरूप होतो, हे समजावून देण्यासाठी हा दृष्टांत पुष्कळांनी वापरला आहे, आणि दृष्टांत म्हणून त्याची गोडी आजही कमी झालेली नाही. परंतु बंद घरात प्रत्यक्ष काय घडते, हा प्रश्न निराळा आहे; आणि त्याचे उत्तर घर उघडून पाहिल्यावाचून मिळत नाही.

उत्तर असे आहे. कुंभारीण आपल्या भक्ष्याला नांगी मारते, पण ठार करीत नाही. विषाने भक्ष्य लुळे पडते. ते जिवंत असते, म्हणून सडत नाही. आणि हलू शकत नाही, म्हणून पळून जात नाही. त्याच कोठडीत माशी एक अंडे घालते. सुरईसारखे घर बांधणारी माशी तर अंडे छताला बारीक धाग्याने टांगून ठेवते. अंड्यातून निघालेले पिल्लू या ताज्या शिध्यावर वाढते, कोश विणते आणि पंख फुटले की भिंत कुरतडून बाहेर पडते. फ्रान्समधील झाँ-आंरी फाब्र या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात अशा शिकारी माश्यांमागे उन्हातान्हात वर्षानुवर्षे घालवली. विषामुळे मेलेले भक्ष्य टिकून राहते, अशी त्या काळच्या एका मोठ्या कीटकशास्त्रज्ञाची समजूत होती. भक्ष्य मेलेले नसून लुळे पडलेले असते, हे फाब्र याने दाखवून दिले. म्हणजे चूक केवळ जुन्या लोकांचीच झाली होती असे नव्हे. आरंभ पाहिला, शेवट पाहिला आणि मधला भाग मनाने भरून काढला, की विद्वानही फसतात.

कुंभारीण, गांधीलमाशी, मधमाशी, भुंगा आणि मुंगी ही सारी एकाच मोठ्या घराण्यातील मंडळी आहेत. या घराण्याला शास्त्रात 'हायमेनॉप्टेरा' म्हणतात. पापुद्र्यासारखे पातळ पंख, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. मुंगीला पंख कोठे असतात, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पहिल्या पावसानंतर वारुळातून बाहेर पडणाऱ्या पंखांच्या मुंग्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे. त्या नव्या राण्या आणि नर असतात. हवेत त्यांचा संयोग होतो, नर थोड्याच काळात मरतात आणि राणी जमिनीवर उतरून आपले पंख स्वतःच मोडून टाकते. मुंगीला पंख फुटले की तिचा अंत जवळ आला, असे लोक म्हणतात. नरांच्या बाबतीत ते खरे आहे. राणीचा संसार मात्र तेथूनच सुरू होतो.

ओळख पटविताना घाई करून चालत नाही, कारण या जगात सोंगे फार आहेत. फुलावर पिवळे-काळे पट्टे असलेला एखादा कीटक घोंगावताना दिसला, की तो मधमाशीच असेल असे वाटते. पण पंख मोजावेत. मधमाशीला चार पंख असतात. पुढचा व मागचा पंख बारीक आकड्यांनी जोडलेला असल्यामुळे ते दोनच भासतात. पट्टेवाली फुलमाशी ही घरातल्या माशीची बहीण असून तिला खरोखरच दोन पंख असतात. ती डंख मारीत नाही. डंख मारणाऱ्यांचा पोशाख तेवढा घालते. झाडाच्या खोडावर धावणाऱ्या एखाद्या 'मुंगी'चे पाय आठ भरले, तर ती मुंगी नसून मुंगीचे रूप घेतलेला कोळी असतो. वाळवीला पुष्कळ जण पांढरी मुंगी म्हणतात. पण तिला मुंगीसारखी आखूड, आवळलेली कंबर नसते आणि तिच्या मिशा मुंगीच्या मिशांसारख्या कोपरात वाकलेल्या नसतात. वाळवीचे नाते मुंगीपेक्षा झुरळाशी अधिक जवळचे आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांतील भेदही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मधमाश्या पिलांना पराग व मध चारतात, म्हणून पराग चिकटावा असे केस त्यांच्या अंगावर असतात. गांधीलमाश्या पिलांसाठी शिकार आणतात आणि त्यांचे अंग बहुधा गुळगुळीत, चकचकीत असते.

भाषेमुळेही कधी कधी घोटाळा होतो. मुंगळा हा शब्द पुल्लिंगी आहे. म्हणून मुंगळा म्हणजे मुंगीचा नर, असे अनेकांना वाटते. वस्तुतः मुंगळा ही मुंग्यांची एक वेगळी, मोठी, काळी जात आहे. तिलाच काही भागांत डोंगळा म्हणतात. गुळाच्या ढेपेवर तुटून पडणारे हे सारे कामकरी मुंगळे माद्या असतात! शास्त्रीय नावाची गरज येथेच भासते. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने या जातीचे वर्णन 1787 साली केले. आज तिचे नाव 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस' असे आहे. एका गावात मुंगळा, दुसऱ्यात डोंगळा आणि परप्रांतात आणखी काही. पण या नावाने ती सर्वत्र एकच ठरते. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काट्यासारखे दिसणारे लहान कीटक बसलेले असतात. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस हे मुंगळे पितात आणि मोबदल्यात त्यांची राखण करतात. श्रीगोंद्यापासून जामखेडपर्यंत बाभळी पुष्कळ आहेत. हा गोठा ज्याला पाहावयाचा असेल, त्याला फार लांब जावे लागत नाही.

ओळख पटली तरी काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे काम वहीचे असते. दख्खनच्या पठारावरच घडलेली एक हकीकत यासंबंधी सांगण्याजोगी आहे. अहिल्यानगरच्या नैर्ऋत्येस सुमारे 120 किलोमीटरांवर पुणे आहे. तेथे विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनच्या प्रदेशाची माहिती जमविण्याचे काम करीत असे. लोकसंख्या, पिके आणि पाऊस यांचे आकडे गोळा करता करता तो पक्षी व कीटकही टिपून ठेवी. 1829 सालच्या जून महिन्यात एका सकाळी फिरावयास गेला असता, पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे मूठ-मूठभर ढीग त्याला दिसले. शेकडो मुंग्या बिळातून एकेक बी वर आणून ढिगावर टाकीत होत्या. पहिल्या पावसाने कोठारात ओल शिरली असावी आणि ऊन पडताच मुंग्यांनी धान्य वाळत घातले असावे, असे त्याने अनुमान केले. बिळाची भिंत सरळ उभी होती. कित्येक मुंग्या बी घेऊन काठापर्यंत येत आणि ओझ्यासकट खाली घसरत; पण बी सोडत नसत, पुन्हा चढू लागत.

आता यात एवढे विशेष ते काय? उन्हात धान्य वाळत घालणे आपल्या डोळ्यांना नवे नाही. परंतु त्या काळी युरोपातील कीटकशास्त्रज्ञ मुंग्या धान्य साठवतात हे मानावयास तयार नव्हते. त्यांच्या थंड प्रदेशातील मुंग्या दाणे साठवीत नसत. पिलांचे पांढरे कोश तोंडात धरून मुंग्या इकडून तिकडे नेतात, ते पाहून अडाणी लोकांना दाणे वाटले असतील, असे ते म्हणत. साइक्सला हा आक्षेप ठाऊक होता. म्हणून त्याने ढिगातील दाणे नीट तपासले, ते कोश नसून गवताचे बीच आहे याची खात्री करून घेतली आणि तसे स्पष्ट लिहून ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, परतीच्या वादळी पावसानंतर, त्याला तोच प्रकार पुन्हा दिसला. तीही तारीख त्याने नोंदविली. 1835 साली हे वर्णन प्रसिद्ध झाले. लॅटिनमध्ये 'दूरदर्शी' असा अर्थ होईल असे नाव त्याने या मुंगीला दिले. आज ती 'फायडोले प्रोव्हिडेन्स' या नावाने ओळखली जाते. पुढे 1873 साली मॉग्रिज या निसर्गअभ्यासकाने भूमध्य समुद्राच्या काठी धान्य साठविणाऱ्या मुंग्या पाहून पुस्तक लिहिले आणि वाद मिटला. कर्जत आणि श्रीगोंदे या तालुक्यांतील माळरानांवर धान्य वेचणाऱ्या मुंग्यांची बिळे आजही आढळतात. बिळाच्या तोंडाभोवती गवताच्या फोलकटांचे कडे पडलेले असते. त्यावरून ती लांबूनही ओळखता येतात.

या साइक्सच्या घरातील मुंग्यांची गोष्ट तर अधिक गमतीची आहे. गोड पदार्थ मुंग्यांपासून वाचावेत म्हणून त्याने मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते. मुंग्या तरीही मेजावर पोहोचतच. मेज भिंतीला लागून होते. ते त्याने दूर सरकविले. तेव्हा एक मुंगी भिंतीवर चढत चढत मिठाईच्याही वर सुमारे फूटभर गेली आणि तेथून तिने अंग सोडून दिले. ती मेज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत न पडता नेमकी मेजावर उतरली! तिच्यामागून दुसऱ्याही आल्या. या जातीला त्याने लॅटिनमध्ये 'न थकणारी' अशा अर्थाचे नाव दिले. तिच्यामुळे गोडाधोडाची नासाडी झाली. पण त्याने चिडून मुंग्या झाडून टाकण्याआधी काय घडले ते पाहिले आणि लिहिले, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

एकट्याच्या वहीत राहिलेली नोंद पुष्कळदा तेथेच संपते. ती जाणत्याकडे जावी लागते. 1883 साली मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकामुळे ही देवाणघेवाण सोपी झाली. मुंबई इलाख्यातील रॉटन नावाचा वनाधिकारी रानोमाळ हिंडताना मुंग्या जमवी व त्या थेट स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल याच्याकडे पाठवी. फोरेल हा मनोविकारांचा प्रसिद्ध वैद्य. पण त्याचा जीव मुंग्यांत गुंतलेला! त्याने पाठविलेली वर्णने याच नियतकालिकात छापली गेली. मग बिंगहॅम याने भारतातील माश्यांवर 1897 साली आणि मुंग्यांवर 1903 साली जाड ग्रंथ सिद्ध केले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील मुंग्यांच्या जाती व उपजाती मिळून 828 नावे आहेत. यांतील कित्येकांचे नाव वहीत आहे, पण त्या काय खातात आणि कोठे राहतात याची नोंद त्रोटकच आहे.

आपल्या जिल्ह्याचा विचार केला, तर येथे पाहण्यासारखे फार आहे. 2024 पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार 17,048 चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आणि धो धो पाऊस. पूर्वेस व दक्षिणेस पर्जन्यछायेतील उघडे माळ. अकोल्याच्या कड्यांवर आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लोंबतात. आग्या एकच उघडे पोळे बांधते व तिचा संताप प्रसिद्ध आहे. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत एकापाशी एक अशी अनेक पोळी लावते. फुलोरी माशी लहान. तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीवर आढळते. सर्वांत चिमुकली पोयाची माशी. तिला डंख नाही. जुन्या भिंतीच्या फटीतून बाहेर डोकावणारी मेणाची नळी दिसली, की तेथे तिचे बिऱ्हाड आहे असे समजावे.

या चौघींची नावे शेतकऱ्याला ठाऊक असतात. परंतु पोळे न बांधता एकट्याने राहणाऱ्या माश्या याहून कितीतरी अधिक आहेत आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. गुलाबाच्या पानाचा काठ कात्रीने कापल्यासारखा गोल कापलेला दिसतो. ते काम पानकाप्या माशीचे. ती त्या तुकड्यांची पिलांसाठी कोठडी करते. वाशाला गोल भोक पाडून आत राहणारा मोठा काळा भुंगाही मधमाश्यांचाच भाऊबंद आहे. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी मातीत घर करते. तिचा एक गुण असा की, ती वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलाला धरून अंगाचा जोराने थरकाप करते. या फुलांचे परागकोश मिठाच्या डबीसारखे फक्त टोकाला उघडतात. हलविल्याखेरीज पराग पडत नाही. भुंग्यालाही ही विद्या साधली आहे. पोळ्यातील मधमाश्यांना मात्र ती साधत नाही.

कांद्याच्या बियाण्याचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा केवळ कौतुकाचा विषय नाही. थंडी सरता सरता कांद्याच्या वाफ्यांत उंच डेंगळे उभे राहतात व त्यांवर पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो फुले. प्रत्येक फुलात पराग आधी मोकळा होतो आणि कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलाकडून कोणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम माश्या करतात. त्यातही अडचण अशी की, कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम बरेच असते व मधमाश्यांना तो फारसा रुचत नाही. शेजारी दुसरे गोड फूल फुलले, तर त्या तिकडे वळतात. मग कांद्यावर शेवटपर्यंत कोण येत राहते? फुलोरी येते, एकट्या राहणाऱ्या माश्या येतात, की पट्टेवाल्या फुलमाश्या? हे गावागणिक निराळे असू शकते. फुलोऱ्यात असताना सकाळी कीटकनाशक फवारले, तर किडीबरोबर हे वाहकही मरतात आणि गोंडे फोल राहतात. आपल्या शेतात कोणती माशी किती वाजता येते, हे ज्याने लिहून ठेवले आहे, त्याला फवारा केव्हा टाळावा हेही सांगता येते.

नोंद कशी करावी, याला फार सामग्री लागत नाही. तारीख, वेळ, गाव व शिवार, ऊन की आभाळ, कोणते फूल अथवा झाड, कीटक काय करीत होता, एवढे त्याच जागी लिहावे. घरी जाऊन आठवून लिहिलेल्यात मन आपली भर घालते. चित्र वेडेवाकडे असले तरी चालेल, पण पट्टे मोजून काढावेत. हल्ली भ्रमणध्वनीने छायाचित्र घेता येते. पाठीवरून एक, बाजूने एक आणि तोंडासमोरून एक, अशी तीन घेतली तर जाणकाराला पुष्कळ कळते. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'सारख्या संकेतस्थळांवर ती पाठविता येतात. आग्या माशी किंवा गांधीलमाशी यांच्या पोळ्याजवळ जाऊ नये. दुरूनच पाहावे व सोबत मोठे माणूस असावे. कुंभारणीचे घर उघडावयाचे असेल, तर भोक पडून रिकामे झालेलेच उघडावे. कोशाची साल आणि कधी कधी कोळ्याचे न खाल्लेले पाय आत सापडतात.

एकाच पोळ्यावरील माश्या निरनिराळ्या ओळखण्याचीही युक्ती आहे. बंगळूरचे शास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या एका गांधीलमाशीच्या पोळ्यांवरील प्रत्येक माशीला रंगाचे निरनिराळे ठिपके दिले आणि कोण काय करते, हे तासन् तास बसून टिपले. त्यावरून असे कळले की, या पोळ्यातील राणी भांडकुदळ नसून उलट शांत स्वभावाची असते. ठिपके दिल्यावाचून ती गर्दीत कोणालाही वेगळी दिसली नसती.

2002 सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाच्या परिसरातील जीवसृष्टीची लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. वड, पिंपळ, मोर, कोल्हा ही नावे तेथे सहज लिहिली जातात; कीटकांपाशी लेखणी अडखळते. तेथे मुलांच्या वह्या उपयोगी पडू शकतात. अशा वहीतील एखादे पान, उदाहरणादाखल, पुढीलप्रमाणे असावे: माघ महिना, सकाळचे साडेनऊ, स्वच्छ ऊन, वारा मंद. ओढ्याकाठचे कांद्याचे बियाणे, बांधापासून तिसरा वाफा. एकाच गोंड्याकडे दहा मिनिटे पाहिले. फुलोरी चार वेळा आली. पट्टेवाली फुलमाशी दोनदा; पंख दोनच, मोजून पाहिले. एक लहान काळी माशी, पोटाखाली पिवळे केस, त्यांना पराग चिकटलेला. एका गोंड्यावरून दुसऱ्यावर गेली. चित्र काढले आहे. नाव अद्याप कळलेले नाही.